पेट में दुखरा, सर

उर्दू शाळेच्या वर्गात वर्षभर सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही सांगू, ‘सर, पेट में दुखरा.’ आम्ही भोरला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. त्यामुळे या वाक्याचे सगळे प्रकार आम्हाला तोंडपाठ झाले आहेत. पहिला प्रकार गृहपाठ न केल्याचा. दुसरा सकाळी चहात बुडवलेला पाव खाऊन शाळेत आल्याचा. तिसरा खराखुरा, जंतांचा किंवा खराब पाण्याचा. या तिन्हींवरचा इलाज कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असतो. चौथा प्रकार मात्र वेगळा. डॉक्टर पोट दाबून बघतात, त्यांना काही सापडत नाही. गोळी दिली जाते, दुखणे जात नाही. घरचे म्हणतात, बहाणे करतो. शाळेत म्हणतात, कामचोर आहे. ते मूल खोटे बोलत नसते. त्याचे पोट खरोखरच दुखत असते, पण दुखण्याचे मूळ पोटात नसते.

या चौथ्या प्रकाराविषयी आणि तो रोज ऐकणाऱ्या शिक्षकाविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही बी.एड. केले तेव्हा मानसशास्त्राचा पेपर होता. पाव्हलॉव्हचा कुत्रा, थॉर्नडाइकचे मांजर, पियाजेने सांगितलेल्या बुद्धीच्या अवस्था, हे सारे आम्ही पाठ केले. पाठ टाचणे काढली, फळ्यावर अक्षर कसे असावे ते गिरवले. वर्गनियंत्रण म्हणजे शिक्षकाने फळ्याकडे तोंड केले तरी वर्गात चुळबूळ होऊ नये, एवढे कळले. परंतु घाबरलेले मूल कसे दिसते, हे त्या अभ्यासक्रमात आम्हाला कुठे भेटले नाही. घाबरलेले मूल रडते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचा अनुभव असा की, फार घाबरलेले मूल वर्गात सहसा रडत नाही. ते भांडते, चावते, पळून जाते, झोपते, किंवा इतके शहाण्यासारखे बसते की त्याच्याकडे कोणाचे लक्षच जात नाही.

आता आमच्या परिसराविषयी थोडे सांगतो. भोर म्हटले की लोकांना राजवाडा, नीरा नदी, भाटघरचे धरण आणि पावसाळ्यातली हिरवळ आठवते. शेजारी वेल्हे, तिथे राजगड, तोरणा. पर्यटकांना हा मुलूख शांत वाटतो आणि आठ महिने तो शांत असतोही. पण याच वेल्ह्यातले पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. आमच्या कितीतरी घरांचे महाडशी सोयरिकीचे संबंध आहेत. कोणाची खाला तिकडे दिलेली, कोणाची भाभी तिकडून आलेली. त्या महाडने अलीकडच्या वर्षांत काय काय पाहिले? जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई या गावांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या प्रवाशांसह गेल्या. २४ ऑगस्ट २०२० रोजी काजळपुऱ्यातली पाच मजली तारिक गार्डन इमारत कोसळून सोळा माणसे गेली. त्या ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा एकोणीस तासांनी जिवंत निघाला, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या आमच्या मोहल्ल्यातही लोकांनी हात वर करून शुक्र अदा केला. मग २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात महाड शहरही पाण्यात बुडाले होते.

ही सगळी संकटे घाटाच्या त्या बाजूची. ती घाट चढून आमच्या वर्गात कशी आली, ते एका मुलाच्या निमित्ताने सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

२०२१ च्या पुरानंतर हा मुलगा भोरला आपल्या नानांकडे राहायला आला. पुढे शाळा उघडल्या तेव्हा तो पाचवीत बसला. अक्षर सुरेख, हिशेब तोंडी करणारा. पण आभाळ भरून आले आणि पत्र्यावर पाऊस वाजू लागला की हा पोरगा वही-पुस्तके दप्तरात भरायचा, दप्तर पाठीवर अडकवायचा आणि बाकाच्या कडेला टेकून बसायचा. तास कोणताही असो. ‘दप्तर खाली ठेव’ म्हटले की ठेवायचा आणि पाच मिनिटांत पुन्हा पाठीवर. दुसऱ्या एका शिक्षकांनी त्याचे नाव ‘मुसाफिर’ ठेवले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हते, पण वर्ग हसला. काहींनी त्याला बेअदब ठरवले. त्याच्या नानांना बोलावून घेतले तेव्हा एवढेच कळले की, त्या रात्री घरात पाणी शिरले तेव्हा त्याला झोपेतून उठवून शेजारच्या माळ्यावर चढवले होते, आणि त्याचे दप्तर खालीच राहिले होते. बाकी माणसे सगळी सुखरूप होती. नाना म्हणाले, ‘कुछ नै हुआ सर उसको. एक खरोंच नै आयी.’

एक ओरखडाही उठला नाही, हे खरेच होते. पंचनाम्यात लिहिण्यासारखे त्याच्या बाबतीत काहीही घडले नव्हते. भिंत पडली तर तलाठी नोंद करतो, जनावर वाहून गेले तर त्याची नोंद होते. दप्तर पाठीवर घेऊन बसणाऱ्या मुलाची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

यासंबंधी पुढे आम्ही जे वाचले, त्यातून काही गोष्टींचा उलगडा झाला. माणसाच्या मेंदूत धोका ओळखणारा एक भाग असतो. तो विचार करत बसत नाही, इशारा देतो. इशारा झाला की हृदय धडधडते, स्नायू ताठ होतात, पचनाचे काम मागे पडते. म्हणून तर पोटात दुखते. पळा, लढा, नाहीतर जागच्या जागी गोठून जा, एवढे तीनच मार्ग त्या क्षणी शरीराला ठाऊक असतात. धोका टळला की ही यंत्रणा शांत व्हायला हवी. पण धक्का फार मोठा असेल, किंवा लहानलहान धक्के रोजच बसत असतील, तर ती शांत व्हायची विसरते. मग पत्र्यावरचा पाऊस, जोरात आपटलेले दार, मागून पडलेला हात, कशानेही ती वाजू लागते. अशा वेळी मुलाला कविता पाठ होत नाही, गुणाकार सुचत नाही. बुद्धी कमी असते असे नाही. ती त्या वेळी दाराकडे लक्ष ठेवण्यात गुंतलेली असते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावी १५ जुलै १९७६ रोजी एक शाळेची बस पळवून नेण्यात आली. तिच्यातली सव्वीस मुले आणि चालक यांना एका खाणीत पुरलेल्या ट्रकच्या डब्यात कोंडले होते. सुमारे सोळा तासांनी सगळे स्वतःच वाट काढून बाहेर आले. एकही मूल मेले नाही. गाव म्हणाले, अल्लाची कृपा, संपले. लेनोर टेर नावाच्या मनोविकारतज्ज्ञ बाई मात्र त्या मुलांना भेटत राहिल्या. मुले पुन्हा पुन्हा तोच पळवापळवीचा खेळ खेळत होती आणि त्या खेळात त्यांना मौज वाटत नव्हती. चार-पाच वर्षांनंतरही त्या धक्क्याच्या खुणा मुलांत दिसत होत्या. हे वाचताना आम्हाला नानांचे ‘कुछ नै हुआ’ आठवले. जगात सगळीकडे मोठी माणसे हेच म्हणतात, आणि प्रेमानेच म्हणतात.

पूर, दरड, भूकंप यांची बातमी तरी होते. जी मुले रोज रात्री घरातली मारहाण बघतात, त्यांची होत नाही. १९९५ ते १९९७ या काळात सॅन डिएगोमध्ये फेलिटी आणि अँडा या दोन डॉक्टरांनी सतरा हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, अत्याचार, दारू, आईवर होणारी हिंसा, आई-बापांचे वेगळे होणे, घरातल्या कोणाचा तुरुंगवास, अशी ती यादी होती. सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी यांपैकी निदान एक तरी गोष्ट भोगली होती. ज्यांच्या वाट्याला अशा गोष्टी जास्त आल्या, त्यांच्यात पुढे हृदयविकार, व्यसने, नैराश्य यांचे प्रमाणही जास्त आढळले. हे लोक बहुतांशी नोकरी-विमा असलेले, सुशिक्षित, मध्यमवर्गीय होते. तेव्हा ‘असली दुखणी गरिबांच्या वस्तीतच असतात’ असे कोणी म्हणू नये. आमच्याकडे वर्गात डोके टेकून झोपणारी एक मुलगी होती. ती आळशी नव्हती. रात्री अब्बा कधी येतात, कसे येतात, याची चाहूल घेत ती जागी असायची आणि वर्ग ही तिला झोपायला सुरक्षित वाटणारी एकमेव जागा होती. हे कळल्यावर पहिल्या तासाला ती झोपली तर आम्ही तिला उठवत नसू. तपासणीला येणाऱ्या साहेबांना हे कसे सांगावे, हा वेगळा प्रश्न.

महाराष्ट्राला या विषयाचा धडा फार मोठ्या किमतीत मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुले पुण्याला आणली आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची जबाबदारी घेतली. वाघोलीला त्यासाठी शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. या कामाचे महत्त्व आम्हाला एका गोष्टीसाठी वाटते. ही मदत घोंगड्या वाटून परत गेली नाही. उठण्याची वेळ, जेवणाची घंटा, शाळा, अभ्यास, परीक्षा, असे सलग आयुष्य त्या मुलांना वर्षानुवर्षे मिळाले. ज्याच्या पायाखालची जमीनच एका पहाटे हलली, त्याला उद्या सकाळी अमुक वाजता घंटा होईल आणि ती होतेच, हे पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळणे हे औषधासारखे असते.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव दिसत नाही, ही गोष्ट पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आली. काही मुले शिकायला बाहेरगावी आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. घरी परतायचे तर घरच नव्हते. विचार करा, त्या मुलांच्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी हजेरी कशी घेतली असेल? त्या शिक्षकांविषयी आम्ही कुठे फारसे वाचलेले नाही. मृतांचा आकडा लागतो, घरांचा लागतो, २०१७ मध्ये नवे माळीण वसले त्याची छायाचित्रे छापून येतात. हजेरी घेणारा माणूस कुठल्याच आकड्यात नसतो.

आता आपल्या समाजाविषयी बोलणे भाग आहे. आपल्याकडे दुःखी मुलाला सर्वांत आधी जो शब्द ऐकवला जातो तो ‘सब्र’. ‘रोते नै बेटा, सब्र करो.’ सब्र ही फार मोठी गोष्ट आहे, परंतु मुलाचे तोंड बंद करण्यासाठी ती वापरली जाते तेव्हा तिचा अर्थ हरवतो. हुजूर पैगंबर (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्माआधी गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी सांभाळणारे आजोबा गेले. यतीमाशी कठोर वागू नये, ही ताकीद सूरह दुहामध्ये आलेली आहे आणि ती एका यतीमालाच उद्देशून आलेली आहे. त्यांचा तान्हा मुलगा इब्राहीम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले, हे हदीसमध्ये आहे. म्हणजे रडणे हे सब्रच्या विरुद्ध नाही. आणखी एक प्रसंग आहे, तो तर प्रत्येक डी.एड., बी.एड. कॉलेजात सांगावा असा. हजरत अनस यांच्या लहान भावाने, अबू उमैरने, एक चिमणीएवढा पक्षी पाळला होता. तो मेला आणि पोरगा खिन्न होऊन बसला. पैगंबरांनी त्याला उपदेश केला नाही. त्याच्या लाडक्या नावाने हाक मारून त्या पक्ष्याची विचारपूस केली. एका लहान मुलाचे मेलेले पाखरू हा विचारपूस करण्याजोगा विषय आहे, असे त्यांना वाटले. आमचे सगळे मानसशास्त्र शेवटी इथेच येऊन पोहोचते.

दुसरी गोष्ट नजर, असर आणि तावीज यांची. रात्री दचकून उठणाऱ्या, अंथरूण ओले करणाऱ्या मुलाला आधी पाणी फुंकून आणतात. आईने मुलाच्या डोक्यावर हात ठेवून दुआ पढावी, त्यात मुलाला मायेचा स्पर्श मिळतो, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती ‘इसको असर हुआ है’ असे मुलासमोर बोलण्याला. आधीच भेदरलेल्या मुलाला आपल्या अंगात कोणीतरी शिरले आहे असे सांगणे म्हणजे त्याची भीती दुप्पट करणे. इथे मशिदीतल्या मौलाना साहेबांचा शब्द शिक्षकाच्या शब्दापेक्षा वजनदार असतो. एका मौलानांनी आमच्या विनंतीवरून दोन पालकांना ‘दुआ भी करो, डॉक्टर को भी दिखाओ’ एवढेच सांगितले आणि जे काम आम्हाला तीन महिन्यांत जमले नव्हते ते आठवड्यात झाले.

तिसरी गोष्ट बोलायला जड, पण टाळता येणार नाही. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींत नऊशे माणसे मेल्याची आणि त्यांत ५७५ मुसलमान व २७५ हिंदू असल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, त्यांची मुले शाळेत आहेत. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याच्या गजापूरमध्ये जमावाने मुसलमानांची घरे आणि मशीद फोडली. तिथल्या मुलांनी ते डोळ्यांनी पाहिले आणि आमच्याकडच्या मुलांनी मोबाईलवर पाहिले. पुढचे काही दिवस वर्गात एकच प्रश्न होता, ‘सर, इधर भी आएंगे क्या?’ या प्रश्नाला ‘कुछ नहीं होगा’ असे उत्तर देणे सोपे असते. मूल मान डोलावते आणि विश्वास ठेवत नाही, कारण उद्याची हमी सरांच्या हातात नाही हे त्यालाही कळते. आम्ही त्यांना आमच्या हातात होते तेवढेच सांगितले. शाळा रोजच्या वेळेला सुटेल, सुटल्यावर शेवटचे मूल जाईपर्यंत आम्ही फाटकाशी उभे असू, आणि ज्याला घरी न्यायला कोणी आले नसेल त्याच्यासोबत आम्ही चालत जाऊ. शेजारच्या मराठी शाळेतले एक गुरुजी, ज्यांना या मुलांपैकी कोणाचेही नाव माहीत नव्हते, तेही दोन दिवस आमच्याबरोबर फाटकाशी येऊन उभे राहिले. त्या उभे राहण्याने मुलांना जे कळले, ते सद्भावनेवरच्या दहा भाषणांनी कळले नसते.

मग वर्गात करायचे तरी काय? आम्ही डॉक्टर नाही आणि होऊ पाहणे धोक्याचे आहे. परंतु शिक्षकाच्या हातात काही साध्या गोष्टी असतात. रोज दारात उभे राहून प्रत्येकाचे नाव घेऊन सलाम करणे. आज काय काय होणार ते सकाळीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहिणे, आणि बदल झाला तर आधी सांगणे. मुलाच्या मागून जाऊन एकदम खांद्यावर हात न ठेवणे. छडी बाकावरसुद्धा न आपटणे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली, त्याला २०१० पासून इतकी वर्षे झाली. तरी ‘उस्ताद की मार’चे कौतुक आपल्याकडे संपलेले नाही. पालकच येऊन सांगतात, ‘हड्डी हमारी, चमडी तुम्हारी.’ ज्या मुलाला घरी मार बसतो त्याला शाळेतल्या माराने शिस्त लागत नाही. मार सगळीकडेच असतो, एवढेच तो शिकतो.

आणि वर्गासमोर कधीही विचारू नये, ‘तेरे घर में क्या हुआ था?’ मुलाला बोलायचे असेल तेव्हा ते स्वतः बोलते, बहुधा अशा वेळी की जेव्हा आपण वह्या तपासत असतो आणि त्याच्याकडे बघत नसतो. तेव्हा वही तपासत राहावे आणि ऐकावे. दप्तराच्या त्या मुलाला आम्ही दाराजवळची जागा दिली आणि दप्तर पाठीवर ठेवण्याची परवानगीही दिली. वर्गाला सांगितले, हे असे चालेल. पहिल्या पावसाळ्यात दप्तर पाठीवरच राहिले. दुसऱ्या पावसाळ्यात ते मांडीवर आले. त्यापुढचे वर्ष आम्हाला बघता आले नाही, त्याचे घरचे परत महाडला गेले. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आम्ही एक चिठ्ठी लिहून दिली. तिच्यात पुराविषयी दोन ओळी होत्या आणि दप्तराविषयी एक.

काही प्रसंगी मात्र ऐकून घेऊन थांबता येत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ‘इज्जत का सवाल है सर’ म्हणून गप्प बसणारा शिक्षक त्या मुलाला पुन्हा त्याच घरात पाठवत असतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आणि १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मानसिक आरोग्याचा क्रमांक, हे दोन्ही प्रत्येक शिक्षकखोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावेत. कोरोनात ज्यांचे आई-बाप दोन्ही गेले त्या मुलांच्या नावे राज्य सरकारने पाच लाखांची ठेव ठेवली, तेही योग्यच झाले. परंतु एकच पालक गेलेल्या मुलांना बालसंगोपन योजना लागू होते, तिच्यात दरमहा २२५० रुपये मिळतात, हे आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी विधवांना ठाऊक नव्हते. तो अर्ज भरून देणे हेही मुलाच्या मनावरचे उपचारच होत. आई निर्धास्त झाली की मुलाच्या पोटातले दुखणे अर्धे कमी होते.

उर्दू माध्यमाच्या मुलांची एक अडचण आणखी वेगळी आहे. त्यांचे दुःख दख्खनीत असते, पुस्तके उर्दूत असतात आणि समुपदेशक मराठीत बोलतात. ‘जी घबराता’, ‘दिल में हौल पडता’, ‘सीने पे कोई बैठा लगता’ हे शब्द समोरच्याला नेमके पोहोचले नाहीत तर कागदावर ‘सहकार्य करत नाही’ एवढेच येते. अशा वेळी शिक्षकाने मुलासोबत जावे, त्याचे शब्द मराठीत पोहोचवावेत आणि लगेच बाहेर येऊन बसावे. मराठी आणि उर्दू दोन्ही येणे याचा आम्हाला आयुष्यात जो काही उपयोग झाला, त्यातला हा सर्वांत मोलाचा.

शेवटी शिक्षकाचे. या विषयावर बोलताना सगळे मुलाविषयी बोलतात. ते योग्यच. पण चाळीस मुलांच्या वर्गात अशी पाच-सात मुले असतील, तर त्यांचे ऐकलेले सगळे कोणाच्या तरी मनात साठत असते. चार्ल्स फिग्ली या अभ्यासकाने १९९५ मध्ये एक पुस्तक संपादित केले. दुसऱ्याचे दुःख सतत ऐकणाऱ्या माणसाला येणाऱ्या थकव्याविषयी ते आहे. मराठीत त्याला ‘करुणेचा थकवा’ म्हणता येईल. अशा माणसाला झोप लागत नाही, तो चिडचिडा होतो आणि एक दिवस त्याला काहीच वाटेनासे होते. आपण ज्या शिक्षकाला निगरगट्ट म्हणतो, तो कधीकाळी फार हळवा असण्याची शक्यता असते. आमच्या घरी संध्याकाळी आम्ही जास्त गप्प दिसलो की विचारतात, ‘आज किसका लेके आये?’ हे विचारणारे माणूस घरी आहे, हे आमचे नशीब. ज्यांच्या घरी नाही त्यांनी काय करावे? निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, या सगळ्यांसाठी शिक्षकाला वेळ काढून दिला जातो. ‘तुमचे कसे चालले आहे?’ असे विचारण्यासाठी मात्र परिपत्रक निघाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आम्ही दोघा-तिघा सहकाऱ्यांनी आमच्यापुरता एक मार्ग काढला. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास चहाला बसतो. मुलांची नावे घ्यायची नाहीत, सल्ला द्यायचा नाही, ज्याला जे जड झाले असेल ते त्याने सांगायचे. कधी कोणी काहीच सांगत नाही, नुसता चहा होतो. तरी सोमवारी वर्गात जाताना पाय हलके असतात. मुलाला ज्या गोष्टीची गरज असते, म्हणजे ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि न टोकणारे माणूस, तिचीच गरज शिक्षकालाही असते, हे आम्हाला या चहावर समजले.

केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद भरते. तिथे गुणवत्ता, चाचण्या, नोंदी, अ‍ॅप यांवर चर्चा होते आणि व्हायलाही हवी. त्याच परिषदेत अर्धा तास या विषयाला मिळावा, त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांचे शिक्षक एकत्र बसावेत, आणि वर्षातून एकदा तरी एखादा मनोविकारतज्ज्ञ आमचे ऐकायला यावा, भाषण द्यायला नव्हे. एवढी मागणी आम्ही लेखी स्वरूपात तयार केली आहे. पावसाळ्यापूर्वीच्या परिषदेत ती मांडणार आहोत. वरंधा घाटात दरवर्षी पावसाच्या तोंडावर दरडींचे फलक लावतात. तेव्हाच शाळांनीही आपापल्या वर्गात कोणती मुले दाराकडे बघत बसतात, ते एकदा पाहून घ्यावे.